लेखी पुरावा नाही, मग तो समाज कसा होता हे कुठल्या तोंडाने सांगता?

प्रश्न असा आलाय की ज्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलं नाही त्यांच्यात प्रमुख होता, बायका लग्न होऊन बाहेरून यायच्या, अमुक मोसमात मोठ्या पंगती उठायच्या हे सगळं पुरातत्त्ववाले इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर सांगतात? थिअरी थिअरी म्हणतात ती खरंच कामाला येते की खोदून झाल्यावर रिपोर्टला मागून चिकटवलेलं शेपूट असतं? आणि नवशिक्याने सुरुवात कुठून करायची?

बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रेंचमधून, म्हणजे खोदलेल्या चरातून, समाज निघत नाही. निघतात खापरं, हाडं, राख, दगडाचे छिलके आणि मातीचे बदललेले रंग. त्या वस्तूपासून "इथे वारसाहक्काने प्रमुखपद चालायचं" या वाक्यापर्यंत जायला मध्ये एक कडी लागते, म्हणजे एक गृहीतक, की अमुक प्रकारचा समाज असेल तर जमिनीत अमुक प्रकारची खूण राहते. आमच्या क्षेत्रातली निम्म्याहून जास्त भांडणं वस्तूवरून होत नाहीत, या कडीवरून होतात, आणि कडी कुठून आणली, ती कुठे तपासली, ती तुटू शकते का हे विचारणं म्हणजेच थिअरी. ज्याला वाटतं मी थिअरी वगैरे मानत नाही, मी फक्त पुरावा मांडतो, त्याच्याकडेही कडी असतेच, फक्त त्याने ती कधी उजेडात धरून बघितलेली नसते.

१९५४ साली ख्रिस्तोफर हॉक्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने एक उतरंड मांडली होती. तंत्रज्ञान समजणं सोपं, पोटापाण्याची व्यवस्था समजणं जरा अवघड, समाज आणि राजकारण त्याहून अवघड, आणि धर्म-श्रद्धा सगळ्यात अवघड. अजूनही वर्गात हे शिकवतात आणि ढोबळमानाने ते खरंच आहे, दगड कसा फोडला हे छिलक्यावरून समजतं, का फोडला हे समजत नाही. पण हॉक्सच्या वेळी ज्या गोष्टी अशक्य वाटायच्या त्यातल्या काही आता सोप्या झाल्यात (नातं कोणाचं कोणाशी हे डीएनएवरून समजतं) आणि सोप्या वाटायच्या त्यातल्या काही भलत्याच अवघड निघाल्या. उदाहरणार्थ दगडी हत्यारांचे प्रकार.

हे उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो कारण यात सगळं येतं. फ्रान्समध्ये दोर्दोन्य भागात कोंब-ग्रेनाल नावाचा शैलाश्रय (खडकाच्या कपारीतला आसरा) आहे, तिथे नीअँडरथल लोकांच्या काळातले पन्नासहून जास्त थर एकावर एक मिळाले. फ्रान्स्वा बोर्द यांनी त्या काळच्या हत्यारांची ६३ प्रकारांची यादी बनवली आणि प्रत्येक थरात कुठला प्रकार किती टक्के ते मोजलं. थरांचे चार-पाच ठराविक गट पडले, कुठे तासण्या जास्त, कुठे दातेरी कडेची हत्यारं जास्त, कुठे हातकुऱ्हाडी. आणि हे गट काळाप्रमाणे सरळ ओळीत येत नव्हते, वरखाली उलटसुलट यायचे. बोर्द म्हणाले या वेगवेगळ्या परंपरेच्या टोळ्या आहेत, आलटून पालटून इथे राहिल्या. १९६६ मध्ये अमेरिकेतले लुईस आणि सॅली बिनफर्ड म्हणाले छे, लोक एकाच परंपरेचे, कामं वेगळी, कधी कातडी कमवली, कधी मांस कापलं, कधी लाकूड तासलं, म्हणून हत्यारांचा संच वेगळा. मग इंग्लंडचे पॉल मेलर्स म्हणाले नीट बघा, यातल्या काही गटांना काळाचा क्रम आहेच. आणि १९८० च्या दशकात हॅरोल्ड डिबल यांनी तर मुळावरच घाव घातला. तासणी वापरली की धार जाते, परत धार काढली की ती लहान होते आणि आकार बदलतो, म्हणजे बोर्द यांच्या यादीतले बरेचसे 'प्रकार' हे एकाच हत्याराच्या आयुष्यातले टप्पे आहेत!

दगड तेच. थर तेच. आकडेही बहुतेक तेच. तरी एकाला त्यात टोळ्या दिसल्या, दुसऱ्याला कामं, तिसऱ्याला काळ, चौथ्याला झिजलेली धार. आता सांगा थिअरी शेपूट आहे का. वस्तूंमधला फरक म्हणजे माणसांमधला फरक ही बोर्द यांची कडी होती आणि ती त्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्यांचीच होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक प्रकारची मडकी, एक प्रकारची घरं, एक प्रकारची दफनं एकत्र दिसली की ती एक 'संस्कृती' आणि ती संस्कृती म्हणजे एक लोकसमूह असं सर्रास धरायचे. गॉर्डन चाइल्ड यांनी त्यावर युरोपच्या प्रागितिहासाचा अख्खा सांगाडा उभा केला आणि तो कालक्रम लावायला उपयोगी पडला हे मान्य करावंच लागेल, पण हीच पद्धत जर्मनीत गुस्ताफ कोसिना यांनी वंशाला जोडली आणि पुढे नाझींनी ती जमिनीवर हक्क सांगायला वापरली, त्यामुळे खापरावरून लोक ओळखताना हात जरा थरथरलेलाच बरा.

बिनफर्ड यांनी १९६२ मध्ये एक लेख लिहून सांगितलं की पुरातत्त्व म्हणजे मानवशास्त्रच आहे, नुसत्या संस्कृत्यांच्या याद्या करू नका, समाज कसा चालतो आणि का बदलतो हे विचारा, अंदाज आधी मांडा आणि मग पुराव्यावर तपासा. याला प्रक्रियावादी पुरातत्त्व म्हणतात. त्या जोशात काही फार हुशार कामं झाली आणि काही फार घाईची. घाईचं एक सांगतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या जुन्या वस्त्यांमध्ये विल्यम लाँगएकर वगैरे लोकांनी खापरांवरची नक्षी खोलीगणिक मोजली आणि नक्षीचे गट वेगवेगळ्या भागात पडतात म्हणून मुली लग्नानंतर आईजवळच राहायच्या असा निष्कर्ष काढला. कडी काय होती? मडकी बायका करतात, आई मुलीला शिकवते, आणि मडकं जिथे वापरलं तिथेच फुटून पडतं. तिन्ही गोष्टी धरून चाललेल्या. पण लाँगएकर यांचं मला कौतुक याचं वाटतं की पुढे १९७० च्या दशकात ते स्वतः फिलिपिन्समध्ये कलिंगा लोकांच्या गावात जाऊन बसले, कोण कोणाकडून मडकं शिकतं आणि मडकं किती वर्षं टिकतं हे प्रत्यक्ष बघायला. कडी तपासायची म्हणजे हे असं.

यातूनच आजच्या जिवंत समाजात जाऊन 'काय केलं की जमिनीत काय उरतं' हे नोंदवायची शाखा वाढली. माझ्या मते गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुरातत्त्वाला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, नव्या मशीनांचा नंबर तिच्यानंतर. बिनफर्ड अलास्कात नुनामिउट शिकाऱ्यांबरोबर राहिले. पुरुष शेकोटीभोवती बसून हाडं फोडून आतली मज्जा खायचे तेव्हा बारीक तुकडे आणि चुरा बसल्या जागी पायाशी पडायचा, आणि मोठी हाडं शेकोटीपलीकडे नाहीतर खांद्यावरून मागे भिरकावली जायची. म्हणजे शेकोटीभोवती बारीक कचऱ्याची एक कमान आणि तिच्या बाहेर मोठ्या कचऱ्याचं एक कडं. वारा फिरला की माणूस धूर चुकवायला उठून दुसऱ्या बाजूला बसतो, कधी शेजारीच नवी शेकोटी पेटवतो. पण घरात, तंबूत असं होत नाही, स्वतःच्या अंथरुणामागे कोण हाडं फेकेल?

आता हे घेऊन ते पॅरिसच्या जवळच्या पँसव्हाँला गेले. सीन नदीकाठची ही हिमयुगाच्या शेवटची रेनडिअर शिकाऱ्यांची जागा, आंद्रे लेरोआ-गुराँ यांनी १९६४ पासून तिथे इतकं बारकाईने उत्खनन केलं की प्रत्येक छिलका जागच्या जागी ठेवून अख्खा पृष्ठभाग मोकळा केला. त्यांनी शेकोट्यांवर तंबू होते असं चित्र मांडलं होतं. बिनफर्ड म्हणाले हाडांची आणि दगडांची मांडणी बघा, या उघड्यावरच्या शेकोट्या आहेत, वारा बदलला तसे लोक फिरून बसले. यात कोण बरोबर हे बाजूला ठेवा. लेरोआ-गुराँ यांनी प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवली होती म्हणूनच दुसऱ्याला त्यांचं म्हणणं खोडता आलं, हे जास्त महत्त्वाचं. याच जागेवर नंतर जेम्स एनलो यांनी रेनडिअरची डावी-उजवी हाडं जुळवून बघितली तर एकाच जनावराचे भाग वेगवेगळ्या शेकोट्यांपाशी निघाले, म्हणजे शिकार वाटून खाल्ली जात होती. बघा, 'वाटून खाणं' ही अगदी सामाजिक गोष्ट, आणि ती मिळाली कशावरून तर एका पायाचं हाड इथे आणि त्याच्या जोडीचं तिथे.

दुसरं उदाहरण शेळीचं. रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाटच्या गुहेतली हाडं बघून म्हटलं होतं की आपले फार जुने पूर्वज हाडांचीच शस्त्रं करायचे, कारण दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक ढिगाने मिळतं आणि खांद्याकडचं जवळजवळ नाहीच, म्हणजे मुद्दाम निवडून सोट्यासारखं वापरलं. तर्क वाचायला छान वाटतो. मग बॉब ब्रेन यांनी नामिबियात कुइसेब नदीकाठच्या वाड्यांमध्ये लोकांनी खाऊन टाकलेल्या आणि कुत्र्यांनी चघळलेल्या शेळ्यांची हाडं गोळा केली. तिथेही कोपराकडची टोकं भरपूर, खांद्याकडची जवळपास गायब! कारण खांद्याकडचं टोक सच्छिद्र, मऊ आणि उशिरा जुळणारं असतं, ते आधी चावून संपतं. शस्त्रं वगैरे काही नाही, हाडाची घनता. ब्रेन यांनी पुढे दक्षिण आफ्रिकेतल्याच स्वार्टक्रान्सच्या गुहेतल्या एका कवटीवरची दोन भोकं बिबट्याच्या सुळ्यांना बरोब्बर जुळतात हेही दाखवलं, म्हणजे ज्यांना आपण खुनी शिकारी समजत होतो ते बिचारे स्वतःच शिकार होते.

म्हणून कुठलाही 'सामाजिक' दावा वाचताना पहिला प्रश्न हा, की हाच नमुना माणसाशिवाय किंवा समाजाशी संबंध नसलेल्या कारणाने तयार झाला असता का? नदीने वाहून आणलं, उंदीर-घुशींनी वरखाली केलं, कुत्र्याने पळवलं, नंतरच्या लोकांनी खड्डे खणून जुना थर उपसला. मायकेल शिफर यांनी यावर आयुष्य घालवलं, त्यांचं सांगणं एवढंच की जमिनीतला कचरा म्हणजे जगणं गोठवून ठेवलेलं नाही, लोक घर सोडताना कामाच्या वस्तू उचलून नेतात आणि निरुपयोगी मागे ठेवतात. शिवाय काय टिकतं हा भाग आहेच. दोऱ्या, टोपल्या, जाळी, कातडी, लाकूड हे जवळजवळ सगळं कुजतं, दगड उरतो, मग आपण दगडी हत्यारांवरून इतिहास लिहितो आणि शिकारी पुरुष केंद्रस्थानी येतो. १९८४ मध्ये मार्गारेट कॉन्की आणि जॅनेट स्पेक्टर यांनी हे तोंडावर विचारलं की तुम्ही आजच्या घरातली स्त्री-पुरुषांची कामं तशीच्या तशी मागे नेऊन बसवताय, पुरावा कुठाय? टिकण्याचा फरक किती मोठा असतो ते इस्रायलमधल्या गॅलिली समुद्राकाठच्या ओहालो दोन या जागेवर दिसतं, २३,००० वर्षांपूर्वीची ही वस्ती पाण्याखाली राहिली म्हणून झोपड्यांच्या फांद्या आणि हजारो बिया टिकल्या, नाहीतर तिथे फक्त थोडे दगड मिळाले असते आणि आपण त्यांना गवताच्या बिया गोळा करणारे लोक असं कधी म्हटलंच नसतं.

आता दफनांकडे येतो, कारण दर्जा, श्रीमंती, प्रमुख याबद्दलचे बहुतेक दावे इथूनच येतात. नेहमीची कडी अशी की मेल्यावर ज्याच्यावर जास्त खर्च आणि कष्ट, त्याचा जिवंतपणी मान मोठा, आणि लहान मुलाच्या थडग्यातही श्रीमंती असेल तर मान जन्माने मिळत होता, कारण पोराने स्वतः काय कमावलं असणार. ऐकायला पटतं. आता बल्गेरियातलं वार्ना घ्या, १९७२ मध्ये सापडलेली इ.स.पू. ४५०० च्या सुमाराची दफनभूमी. क्रमांक ४३ च्या थडग्यात एका पुरुषाबरोबर सोन्याचा एवढा साठा की सगळे म्हणाले हा घ्या पहिला राजा. पण तिथेच काही थडगी सोन्याने भरलेली आहेत आणि आत माणूसच नाही! रिकामी. मग हे सोनं कोणाच्या दर्जाचं? रशियातल्या सुंगीरला सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी दोन मुलं डोक्याला डोकं लावून पुरली आणि त्यांच्याबरोबर मॅमथच्या दाताचे मणी, दोघांचे मिळून दहा हजारांच्या आसपास. एकेक मणी घडवायला किती वेळ जातो ते प्रयोग करून बघितलंय, हिशोब हजारो तासांत जातो. भटक्या शिकाऱ्यांच्या पोरांना जन्मजात खानदानी म्हणायचं का? की त्या दोन मृत्यूंमध्येच काही वेगळं होतं ज्यासाठी सगळ्या गटाने हात लावला? माझा कल दुसरीकडे आहे, पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

मुद्दा असा की दफन जिवंत लोक करतात. मेलेल्याचा दर्जा दाखवायला करतात, लपवायला करतात, स्वतःचा हक्क मिरवायला करतात. प्रक्रियावादावर टीका करणाऱ्या इयन हॉडर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात हेच धरून लावलं. हॉडर स्वतः केनियात बारिंगो तलावाकाठी फिरले आणि त्यांना दिसलं की शेजारच्या जमातींचं रोज येणं-जाणं असूनही काही वस्तूंमध्ये ते मुद्दाम फरक ठेवतात आणि काहींमध्ये अजिबात ठेवत नाहीत. वस्तू म्हणजे समाजाचा आरसा नाही, लोक वस्तू वापरून काहीतरी म्हणत असतात. हे पटतं मला. त्या प्रवाहातल्या काहींनी पुढे 'अर्थ काय लावाल तेवढे' असं करून ठेवलं ते मात्र पटत नाही, कारण मग चुकीचं काहीच उरत नाही आणि ज्यात चुकीचं ठरायची सोयच नाही ते ऐकून मी काय करू.

आपल्याकडचं इनामगाव याच नजरेने बघा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरायच्या काळातली) वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी खोदली, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. नुसता खोल खड्डा न घेता आडवं, पसरून खोदलं म्हणून शंभराहून जास्त घरं मिळाली, आणि घरं मिळाली म्हणून समाजाबद्दल बोलता आलं. खोल ट्रेंच कालक्रम देते, समाज द्यायला पसरट उत्खननच लागतं. तिथे मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर, लागून धान्याची कोठारं, आणि अंगणात चार पायांच्या पोटफुगीर मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ पुरुष. बाकीच्या प्रौढांना आडवं पुरलेलं आणि घोट्याखालून पाय तोडलेले, याचे पाय शाबूत. लहान मुलं जमिनीखाली दोन मडक्यांची तोंडं जोडून ठेवलेली. ढवळीकरांनी यातून प्रमुखाची सत्ता असलेला समाज मांडला.

हा दावा मला चांगला वाटतो, आणि का ते सांगतो. तो एका खुणेवर उभा नाही. घराचा आकार, जागा, कोठार, दफनाची पद्धत या चार गोष्टी वेगवेगळ्या मार्गाने तिकडेच बोट दाखवतात आणि त्या चारही एकदम एकाच कारणाने फसतील असं नाही. तरी प्रश्न विचारता येतात. कोठार प्रमुखाचं की गावाचं आणि सांभाळायला त्याच्याकडे? माणूस सत्तेमुळे वेगळा पुरला की तो काही विधी करणारा होता म्हणून? घर मोठं कारण माणसं जास्त, की मान जास्त? (रॉल नॅरोल यांनी १९६२ मध्ये माणशी दहा चौरस मीटर असा ढोबळ हिशोब दिला होता, तो लोक अजून डोळे झाकून वापरतात, सरासरी म्हणून ठीक, एकेका घराला लावू नका.) हे प्रश्न विचारता येतात म्हणजे दावा कच्चा असं नाही. विचारता येतात कारण तो नीट मांडलाय.

कालमापनाबद्दल थोडक्यात, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ वरून वय काढायचं तंत्र आणलं, १९६० मध्ये नोबेल मिळालं, सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत चालतं, झाडांच्या वलयांवरून दुरुस्ती करावी लागते. समाजाच्या अभ्यासासाठी खरी उडी मात्र अलीकडची आहे, थरांचा क्रम आणि बऱ्याच तारखा एकत्र घालून संख्याशास्त्राने काळ आवळून घेणं, ज्याला बेझियन मॉडेल म्हणतात. इंग्लंडमधल्या वेस्ट केनेट या दगडी थडग्यात शतकानुशतकं माणसं पुरत होते असं वाटायचं, ही पद्धत लावल्यावर मुख्य दफनं एखाद-दुसऱ्या पिढीत उरकली असं निघालं. फरक लक्षात घ्या. शतकानुशतकं म्हणजे पूर्वजांची परंपरा, आणि एक पिढी म्हणजे एकमेकांना तोंडओळखीने ओळखणारी माणसं. सगळा सामाजिक अर्थच बदलला.

मग समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याची कमी-जास्त वजनाची रूपं) आणि प्राचीन डीएनए. लहानपणी दात बनताना त्या जागेच्या मातीपाण्यातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य दातात बसतं आणि आयुष्यभर तिथेच राहतं, म्हणून पुरलेली जागा आणि बालपणाची जागा वेगळी असेल तर समजतं (दोन जागांचा खडक सारखाच असेल तर मात्र काही समजत नाही, हे छापताना नेहमी खाली बारीक अक्षरात असतं). जर्मनीत लेख नदीच्या खोऱ्यात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या वाड्यांवर दोन्ही पद्धती लावल्या. २०१९ मध्ये जे आलं ते असं की पिढ्यानपिढ्या त्याच घराण्यातले पुरुष, बाहेरून आलेल्या पण मानाने पुरलेल्या बायका, आणि त्याच वाडीत कोणाशीच नातं नसलेली, थडग्यात काही नसलेली माणसं. एकाच अंगणात विषमता. ही गोष्ट नुसत्या थडग्यातल्या वस्तू बघून दिसली नसती आणि नुसत्या डीएनएनेही दिसली नसती.

डीएनए आल्यावर बरेच जण म्हणाले आता थिअरीची कटकट संपली. उलट झालं. इंग्लंडमधल्या हेझल्टन नॉर्थच्या थडग्यात, इ.स.पू. ३७०० च्या आसपास, ३५ जणांपैकी २७ एकाच घराण्याच्या पाच पिढ्या निघाल्या, बहुतेक सगळे एक पुरुष आणि चार स्त्रिया यांचे वंशज. वंश बापाकडून चाललाय हे उघड, पण कोणी कुठल्या बाजूच्या दालनात पुरायचं हे त्या आद्य स्त्रियांवरून ठरत होतं! शिवाय काही पुरुष रक्ताने त्या बापाच्या वंशातले नाहीत, त्यांच्या आईला घराण्यातल्या पुरुषापासूनही मुलं होती, म्हणजे सावत्र मुलं, आणि तरी ती आतच. नातं रक्ताचं किती आणि मानलेलं किती हे डीएनए एकटा सांगत नाही, ते दालनाच्या नकाशाबरोबर ठेवल्यावर समजतं. तुर्कस्तानातल्या चाताल्होयुक या अश्मयुगातल्या वस्तीत तर घराच्या जमिनीखाली पुरलेले लोक एकाच कुटुंबातले असणार असं सगळे धरून चालले होते, २०११ मध्ये दातांच्या ठेवणीवरून आलं की तसं काही दिसत नाही, आणि २०२५ मध्ये डीएनएवरून आलं की निदान सुरुवातीच्या काळात घरातलं जैविक नातं होतं आणि ते मुख्यतः आईच्या बाजूने. आईच्या बाजूने नातं म्हणजे बायकांची सत्ता असं लगेच छापून आलं. तसं होत नाही, मुलगी घरी राहते आणि निर्णय मामा घेतो असे समाज मानवशास्त्राला भरपूर माहीत आहेत.

समाजाचे टप्पे, म्हणजे टोळी, जमात, प्रमुखाचा समाज, राज्य ही एल्मन सर्व्हिस यांची १९६२ ची शिडी परीक्षेला विचारतात म्हणून माहीत असू द्या, पण साईटवर तिच्यात कोंबाकोंबी करू नका. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेला शेती सुरू व्हायच्या आधीच्या शिकारी लोकांनी इ.स.पू. ९५०० च्या सुमाराला टनावारी वजनाचे कोरीव खांब उभे केले, १९९५ पासून क्लाउस श्मिट यांनी ते उकरल्यावर 'आधी शेती, मग शिल्लक धान्य, मग पुढारी, मग मोठी बांधकामं' हा क्रम कोलमडला. त्यावर श्मिट यांनी मांडलं की ही फक्त तीर्थासारखी जागा, वस्ती नाही, आणि नंतरच्या उत्खननात तिथे राहत्या घरांच्या खुणा मिळाल्या. म्हणजे जुनी शिडी मोडणारी नवी कथाही तपासावीच लागली.

नवशिक्याने सुरुवात कुठून करायची तर वादांच्या नावांपासून करू नका. एक चांगला उत्खनन रिपोर्ट घ्या, त्यातला एकच सामाजिक दावा निवडा आणि तो मागे मागे नेत जा. कुठल्या वस्तूवर उभा आहे, ती कुठल्या थरातून आली, तो थर राहत्या जमिनीचा की नंतर टाकलेल्या भरावाचा, माती चाळली होती का आणि चाळणीची जाळी केवढी. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं पण माशांची हाडं नाहीत म्हणून हे लोक मासे खात नव्हते असं लिहिलेले रिपोर्ट आहेत आणि त्या साईटवर मुळात चाळणीच लावलेली नसते. जळके दाणे पाण्यात तरंगवून काढले का, किती ठिकाणची माती घेतली, की फक्त चूल दिसली तिथलीच? मग मधली कडी एका वाक्यात लिहा: अमुक असेल तर अमुक दिसतं. आणि त्याखाली लिहा, हा दावा खोटा असता तर जमिनीत काय दिसलं असतं. दुसरं वाक्य लिहिताच आलं नाही तर तो दावा सोडा, पुढचा घ्या. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजजवळच्या ड्युरिंग्टन वॉल्सला डुकरांच्या दातांवरून बरीचशी डुकरं नऊ महिन्यांच्या आसपास मारलेली निघाली, डुकरं वसंतात वितात, म्हणून हिवाळ्याच्या मध्यावर पंगती व्हायच्या असा दावा आहे. हा सरावाला उत्तम. वर्षभर थोडी थोडी मारली असती तर दातांची वयं विखुरलेली दिसली असती, म्हणजे खोटं ठरायची सोय आहे. आणि कडीही दिसते, 'वसंतात वितात' ही. तिथून सुरू करा, त्या काळची डुकरं वर्षातून एकदाच वीत होती हे कशावरून, ते शोधा.